दैनंदिन वापराच्या ऑफ-रोड वाहनातील ॲक्सलची सुधारणा व लॉकरची निवड : जीप रँग्लरच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

खडकाळ, चिखलमय व चढउताराच्या मार्गांवर चालणाऱ्या वाहनात डिफरन्शिअल लॉक, म्हणजेच या क्षेत्रातील रूढ शब्दात 'लॉकर', बसविण्याकडे वाहनधारकांचा मोठा कल असतो. तथापि तेच वाहन रोज कामाच्या ठिकाणी जाण्यासाठी, मुलांना शाळेत सोडण्यासाठी आणि महामार्गावरील प्रवासासाठी वापरले जात असेल, तर लॉकरचा विचार स्वतंत्रपणे करता येत नाही. लॉकर चाकांची पकड निर्माण करीत नाही. तो इंजिनाचा पीळ पकड असलेल्या चाकाकडे जाऊ देतो आणि त्यामुळे त्या चाकाच्या शाफ्टवरील भार वाढवितो. म्हणून टायर, शाफ्ट, गिअरचे गुणोत्तर आणि लॉकर यांचा निर्णय एका क्रमाने व्हावयास हवा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : डिफरन्शिअल, लॉकर, ॲक्सल शाफ्ट, टॉर्क, गिअर गुणोत्तर, जीप रँग्लर.

प्रस्तावना

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सिएरा नेव्हाडा पर्वतरांगेतून जाणारा रुबिकॉन ट्रेल आणि युटा राज्यातील मोआब परिसरातील खडकाळ वाटा ही ऑफ-रोड वाहनधारकांची परिचित ठिकाणे होत. या ठिकाणी येणारी काही वाहने ट्रेलरवर लादून आणली जातात; परंतु अनेक वाहने शेकडो किलोमीटरचा महामार्ग स्वतः धावून येतात, खडकांवर चढतात आणि सोमवारी सकाळी मालकाला पुन्हा कामावर नेतात. या दुसऱ्या प्रकारच्या वाहनापुढील प्रश्न अधिक अवघड असतो. केवळ खडकांसाठी बांधलेल्या वाहनाचे स्टिअरिंग जड झाले, टायर लवकर झिजले वा गिअरचा आवाज वाढला तरी चालते. रोजच्या वाहनाला मात्र पावसाने ओल्या झालेल्या वळणावर सुरळीत वळावे लागते.

जीप रँग्लरच्या 'टीजे' या पिढीचे वाहन, म्हणजे १९९७ ते २००६ या वर्षांची मॉडेल्स, या विषयाच्या अभ्यासासाठी विशेष सोयीचे आहे. एकाच वाहनात निर्मात्यानेच मागील बाजूस डेना ३५ किंवा डेना ४४ असे दोन वेगळ्या क्षमतेचे ॲक्सल दिले. पुढे २००३ पासून 'रुबिकॉन' या आवृत्तीत पुढे व मागे डेना ४४ ॲक्सल आणि दोन्हींत लॉकर बसविले. त्यामुळे हलका ॲक्सल, मजबूत ॲक्सल आणि लॉकरसह मजबूत ॲक्सल अशी तुलना एकाच वाहनात करता येते.

डिफरन्शिअलचे कार्य व त्याची मर्यादा

बैलगाडीला डिफरन्शिअल लागत नाही. तिची दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरतात आणि ओढण्याचे काम बैल करतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक अंतर कापते व आतले कमी. त्यात कसलाही अडथळा येत नाही. मोटारीत मात्र इंजिनाची शक्ती चाकांनाच द्यावयाची असते. दोन्ही चाके एकाच सलग दांड्याला जखडली, तर वळणावर एक चाक घसटत जाते. ही अडचण डिफरन्शिअलमुळे दूर होते. ड्राइव्ह शाफ्टकडून आलेली गती पिनियन व क्राऊन व्हीलमार्फत एका केसला मिळते आणि केसमधील लहान गिअर दोन्ही बाजूंच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरण्याची मोकळीक देतात.

या रचनेचा एक परिणाम मात्र मूलभूत आहे. साधे, म्हणजे 'खुले' डिफरन्शिअल दोन्ही शाफ्टना जवळपास समान टॉर्क देते. एक चाक हवेत उचलले गेले की त्याला फिरण्यास प्रतिकार उरत नाही. त्या चाकाला फिरविण्यास लागणारा टॉर्क जवळपास शून्य असतो आणि म्हणून जमिनीवर टेकलेल्या चाकालाही जवळपास शून्यच टॉर्क मिळतो. एक चाक गरगर फिरते व वाहन जागेवर थांबते. चार चाकी चालना असलेल्या वाहनातही पुढचे एक व मागचे एक अशी कर्णरेषेतील दोन चाके उचलली गेल्यास हीच अवस्था होते. हा डिफरन्शिअलमधील बिघाड नसून त्याच्या रचनेतून आलेली मर्यादा आहे.

लॉकर प्रत्यक्षात काय करतो ?

लॉकर दोन्ही शाफ्टना एकमेकांशी किंवा केसशी जखडतो. त्यामुळे दोन्ही चाके समान वेगाने फिरतात आणि ज्या चाकाला पकड आहे ते वाहनाला पुढे ढकलते. येथपर्यंतची माहिती सर्वत्र सांगितली जाते. तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. ती एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल.

टीजे रँग्लरच्या ४.० लिटर इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे ३१९ न्यूटन-मीटर आहे. पहिल्या गिअरचे गुणोत्तर सुमारे ४, ट्रान्सफर केसच्या 'लो' गिअरचे २.७२ आणि ॲक्सलचे ३.०७ धरल्यास ॲक्सलपर्यंत पोचू शकणारा टॉर्क १०,००० न्यूटन-मीटरहून अधिक भरतो. इतका टॉर्क चाकाला सामान्यतः सोसावाच लागत नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. म्हणजेच शाफ्टवरील खरा भार इंजिन ठरवीत नाही. चाकावरील वजन, टायरची त्रिज्या व पृष्ठभागाची पकड हे तीन घटक तो ठरवितात.

समजा, माणसे व सामानासह वाहनाचे वजन १,६०० किलोग्रॅम आहे आणि त्यापैकी निम्मे मागील चाकांवर आहे. प्रत्येक मागील चाकावर ४०० किलोग्रॅम वजन, ३३ इंची टायरची भाराखालील त्रिज्या ०.४० मीटर आणि कोरड्या खडकावरील घर्षणांक १ धरल्यास एका शाफ्टवर सुमारे १,५७० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. खुल्या डिफरन्शिअलमध्ये एका चाकाने जमीन सोडताच हा भार नाहीसा होतो. वाहन अडते, पण शाफ्ट सुरक्षित राहतो. लॉकर असल्यास मागील बाजूचे संपूर्ण ८०० किलोग्रॅम वजन एका चाकावर येऊ शकते आणि त्या एकाच शाफ्टला सुमारे ३,१४० न्यूटन-मीटर, म्हणजे दुप्पट टॉर्क सोसावा लागतो. चाक दोन खडकांत अडकले असताना चालकाने एकदम ॲक्सिलरेटर दाबला तर बसणारा झटका याहून निराळा.

तात्पर्य, खुले डिफरन्शिअल नकळत शाफ्टचे संरक्षण करीत असते आणि लॉकर ते संरक्षण काढून घेतो. लॉकर विकत घेणाऱ्याने या हिशेबाची दखल घेणे अगत्याचे आहे.

शाफ्टची क्षमता आणि ॲक्सलची रचना

गोल दांड्याची पीळ सोसण्याची क्षमता त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. डेना ३५ ॲक्सलच्या शाफ्टचा व्यास सुमारे ३० मिलिमीटर असून त्यास २७ स्प्लाइन असतात. डेना ४४ मध्ये व्यास सुमारे ३३.३ मिलिमीटर व स्प्लाइन ३० असतात. दिसायला फरक जेमतेम ३ मिलिमीटरचा. परंतु घनाच्या नियमानुसार क्षमतेतील वाढ सुमारे ३७ टक्के होते. वरील उदाहरणातील ३,१४० न्यूटन-मीटर टॉर्कमुळे ३० मिलिमीटरच्या शाफ्टच्या पृष्ठभागावर सुमारे ५९० मेगापास्कल कर्तनताण येतो, तर ३३.३ मिलिमीटरच्या शाफ्टवर तो सुमारे ४३० मेगापास्कल राहतो. याखेरीज धातूचा प्रकारही महत्त्वाचा आहे. साध्या कार्बन पोलादाऐवजी ४३४० श्रेणीच्या क्रोम-मॉलिब्डेनम मिश्र पोलादाचे शाफ्ट वापरल्यास त्याच व्यासात अधिक ताकद मिळते.

ताकदीइतकाच महत्त्वाचा प्रश्न शाफ्ट तुटल्यावर काय होते हा आहे. टीजेमधील डेना ३५ ॲक्सलमध्ये शाफ्ट आतल्या टोकाला इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराच्या एका लहान क्लिपने धरून ठेवलेला असतो. शाफ्ट मधेच तुटला तर बाहेरच्या तुकड्याला धरणारे काही उरत नाही आणि चाकासह तो तुकडा ॲक्सलच्या नळीतून बाहेर सरकू शकतो. टीजेच्या डेना ४४ मध्ये शाफ्ट बाहेरच्या टोकाशी, बेअरिंगजवळच्या पट्टीने धरलेला असल्याने शाफ्ट तुटला तरी चाक सामान्यतः जागेवर राहते. खडकाळ वाटेवर ताशी ५ किलोमीटर वेगाने जाताना चाक निखळणे ही गैरसोय आहे. महामार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगात ती प्राणघातक दुर्घटना ठरू शकते. शाफ्टला खडकावर गेलेला तडा तेथेच उघड होईल असे नाही. रविवारी दुखावलेला शाफ्ट बुधवारी, गाडीत कुटुंब बसलेले असताना तुटू शकतो. दैनंदिन वापराच्या वाहनाबाबत ॲक्सलचा विचार लॉकरच्या आधी करण्याचे खरे कारण हेच आहे.

उपलब्ध पर्याय स्थूलमानाने तीन आहेत. पहिला, आहे त्याच ॲक्सलमध्ये मोठ्या व्यासाचे मिश्र पोलादाचे शाफ्ट व त्यांना जुळणारा लॉकर बसविणे. यात बाहेरील जोडण्या बदलाव्या लागत नाहीत. मात्र क्राऊन व्हील व नळ्या जुन्याच राहतात. दुसरा, त्याच वाहनासाठी बनलेला डेना ४४ बसविणे. तो जवळपास थेट बसतो, पण जुन्या बाजारात त्याला मागणी मोठी असते. तिसरा, अन्य वाहनाचा ॲक्सल जुळवून घेणे. फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची ॲक्सल यासाठी प्रसिद्ध आहे. त्याला ३१ स्प्लाइनचे शाफ्ट असतात, १९९५ पासूनच्या मॉडेलमध्ये डिस्क ब्रेक असतात आणि चाकाच्या बोल्टची मांडणी टीजेशी जुळते. परंतु त्याचे सस्पेन्शनचे ब्रॅकेट नव्याने वेल्ड करावे लागतात, पिनियन मध्यापासून एका बाजूला असतो आणि त्यातही सी-क्लिपच असते. डेना ६० सारखा अवजड ॲक्सल हा पुढचा टप्पा होय. परंतु स्प्रिंगखालील वजन वाढले की खराब रस्त्यावर चाक जमिनीला धरून राहत नाही व रोजच्या प्रवासातील आराम कमी होतो. सर्वांत मजबूत ॲक्सल हा रोजच्या वाहनासाठी सर्वांत योग्य असेलच असे नाही.

टायर व गिअरचे गुणोत्तर

शाफ्टवरील भार टायरच्या त्रिज्येवर अवलंबून असल्याने निर्णयाची सुरुवात टायरपासून होते. २९ इंची टायरऐवजी ३३ इंची टायर लावल्यास चाकाच्या एका फेऱ्यात वाहन सुमारे १४ टक्के अधिक अंतर कापते. परिणामी ३.७३ हे ॲक्सलचे गुणोत्तर ३.२८ असल्यासारखे काम करू लागते. चढावर इंजिन दमते व वरचा गिअर निरुपयोगी होतो. मूळ स्थिती साधण्यासाठी ४.२४ गुणोत्तर हवे. बाजारात त्याच्या दोन्ही बाजूंना ४.१० व ४.५६ हे संच मिळतात. महामार्गाचा प्रवास अधिक असल्यास पहिला आणि चढ, सामान व जड टायर यांचा विचार अधिक असल्यास दुसरा संच योग्य ठरतो. चार चाकी चालनेच्या वाहनात पुढील व मागील गुणोत्तर सारखेच ठेवावे लागते, म्हणून खर्च दोन ॲक्सलचा धरावा.

मोठ्या टायरचे इतर परिणामही दुर्लक्षित करू नयेत. दुरुस्ती न केलेला स्पीडोमीटर ताशी ८० किलोमीटर दाखवीत असताना वाहन प्रत्यक्षात ९१ किलोमीटर वेगाने धावत असते. तेवढ्याच मंदनासाठी ब्रेकला सुमारे १४ टक्के अधिक टॉर्क द्यावा लागतो.

गिअर बदलण्यासाठी डिफरन्शिअल पूर्ण उघडावे लागते. काही ॲक्सलमध्ये गुणोत्तर एका मर्यादेपलीकडे बदलले की केसही बदलावी लागते. बहुतेक लॉकर नव्या केससहच येतात. म्हणून गिअर व लॉकर ही दोन्ही कामे एकाच वेळी करणे किफायतशीर ठरते. पिनियनची खोली, बेअरिंगवरील दाब आणि क्राऊन व पिनियनच्या दात्यांमधील मोकळीक ही तीन मापे शिम घालून अचूक बसवावी लागतात. ती चुकली तर उत्तम दर्जाचा गिअरही आवाज करू लागतो व लवकर निकामी होतो. नव्या गिअरवर सुरुवातीचे सुमारे ८०० किलोमीटर सौम्यपणे वाहन चालवून नंतर तेल बदलण्याची प्रथा आहे.

लॉकरचे प्रकार व रोजच्या रस्त्यावरील वर्तन

मर्यादित घसरणीचे डिफरन्शिअल हे काटेकोर अर्थाने लॉकर नव्हे. क्लच प्लेटचा प्रकार घर्षणाने दोन्ही शाफ्ट काही प्रमाणात एकत्र ठेवतो, परंतु प्लेट झिजतात. तिरप्या दात्यांच्या गिअरचा प्रकार कमी पकडीच्या चाकाच्या काही पट टॉर्क दुसऱ्या चाकाला देतो. पण शून्याच्या कितीही पट शून्यच असल्याने हवेतील चाकापुढे तोही निष्प्रभ होतो. अशा वेळी ब्रेक किंचित दाबून कृत्रिम प्रतिकार निर्माण करावा लागतो. ओल्या रस्त्यावर मात्र त्याचे वर्तन अतिशय सौम्य असते.

स्वयंचलित लॉकर, उदाहरणार्थ डेट्रॉइट लॉकर, एरवी जखडलेला असतो आणि वळणावर बाहेरचे चाक अधिक वेगाने फिरू लागल्यास त्याला सोडतो. तो मजबूत असून त्याला हवा वा वीज लागत नाही. मूळ केसमध्येच बसणारे स्वस्त स्वयंचलित लॉकरही मिळतात. परंतु त्यात केस जुनीच राहते. मागील बाजूस असा लॉकर असताना वळणावर खटखट आवाज येतो, मधेच ॲक्सिलरेटर सोडल्यास धक्का बसतो आणि टायर अधिक झिजतात. सुमारे २.३७ मीटर चाकांतर असलेल्या टीजेसारख्या आखूड वाहनात हे धक्के अधिक जाणवतात. निसरड्या वळणावर दोन्ही चाके एकदम घसरून वाहनाची शेपटी बाहेर जाऊ शकते.

चालकनियंत्रित लॉकर बंद असताना खुल्या डिफरन्शिअलसारखा वागतो आणि हवा असेल तेव्हा पूर्ण जखडतो. ऑस्ट्रेलियातील एआरबीचा लॉकर हवेच्या दाबावर, ईटनचा ई-लॉकर विद्युतचुंबकावर, तर काही लॉकर केबलवर चालतात. हवेच्या लॉकरला कॉम्प्रेसर, नळी व सील यांची निगा लागते. विजेच्या लॉकरला तारांची जोडणी निर्दोष हवी. किंमत व जुळणीचा खर्च अधिक असला तरी रोजच्या वाहनासाठी हाच प्रकार सर्वांत तर्कसंगत आहे, कारण वर्षातील बहुतेक दिवस तो निष्क्रिय असावयास हवा आणि तसा तो राहू शकतो. पुढील ॲक्सलमध्ये तर त्याचे महत्त्व अधिकच, कारण जखडलेली पुढची चाके स्टिअरिंगला विरोध करतात. टीजे रुबिकॉनमध्ये निर्मात्याने लॉकर केवळ ट्रान्सफर केसच्या लो गिअरमध्येच लागेल अशी व्यवस्था ठेवली, यातून रस्त्यावरील वेगात लॉकरचा वापर त्याला अभिप्रेत नव्हता हे स्पष्ट होते.

स्पूल या प्रकारात दोन्ही शाफ्ट कायमचे जखडले जातात. स्पर्धेच्या वाहनाबाहेर, विशेषतः सार्वजनिक रस्त्यावर, त्याचा विचार करू नये.

महाराष्ट्राच्या संदर्भात

हा विषय महाराष्ट्रातील वाचकाला सर्वस्वी परका नाही. पुण्याजवळील रांजणगाव येथे २०२१ पासून जीप रँग्लरची जुळणी सुरू झाली. मुंबईत मुख्यालय असलेल्या महिंद्रा कंपनीच्या थार या वाहनात २०१५ मध्ये मागील बाजूस ईटनचा यांत्रिक लॉकर आला. दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की तो आपोआप जखडतो आणि वेग वाढल्यावर त्याचे जखडणे रोखले जाते. चालकाला काही करावे लागत नाही. पुण्यातील फोर्स मोटर्सच्या गुरखा या वाहनात पुढील व मागील अशा दोन्ही ॲक्सलना चालकाने लावावयाचे लॉक मिळतात. पावसाळ्यात सह्याद्रीतील घाटांच्या ओल्या, अरुंद वळणांवर स्वयंचलित लॉकरची अडचण काय असेल याची कल्पना येथील चालकाला सहज येईल.

कायद्याची बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निर्णयात या तरतुदीवर भर दिला. त्यामुळे अमेरिकेत सर्रास होणारे ॲक्सलबदल येथे तसेच्या तसे अनुकरणीय नाहीत. लॉकर हवाच असल्यास तो निर्मात्यानेच बसविलेले वाहन निवडणे येथे अधिक शहाणपणाचे ठरते.

निष्कर्ष

१. लॉकर पकड निर्माण करीत नाही. पकड असलेल्या एका चाकाच्या शाफ्टवरील भार तो दुप्पटीपर्यंत नेऊ शकतो.

२. निर्णयाचा क्रम टायरचा आकार, शाफ्ट व ॲक्सलची क्षमता, गिअरचे गुणोत्तर आणि शेवटी लॉकर असा असावा. खरेदी मात्र गिअर व लॉकरची एकत्र करावी.

३. सी-क्लिप असलेल्या हलक्या ॲक्सलमध्ये शाफ्ट न बदलता लॉकर बसविणे हा बचतीचा नव्हे, तर धोक्याचा मार्ग आहे.

४. रोजच्या वाहनासाठी चालकनियंत्रित लॉकर श्रेयस्कर होय. एकच लॉकर परवडत असल्यास तो प्रथम मागील ॲक्सलमध्ये बसवावा, कारण चढावर वजन मागे सरकते.

५. खर्चाची मर्यादा असल्यास लहान टायर, सुस्थितीतील ॲक्सल व खुले डिफरन्शिअल ही जोडी मोठे टायर, दुबळे शाफ्ट व लॉकर या जोडीपेक्षा अधिक भरवशाची ठरते.

समारोप

यंत्राचा एक भाग बलवान केला की त्याचा ताण शेजारच्या भागाकडे सरकतो, हे अभियांत्रिकीतील जुने सूत्र लॉकरच्या बाबतीत विशेष स्पष्टपणे दिसते. डोंगरावर एखादी वाट लॉकरअभावी सोडून द्यावी लागली, तर वाहनधारकाचे फारसे काही बिघडत नाही. तो वाहन मागे घेऊन दुसरी वाट धरू शकतो. दुखावलेला शाफ्ट मात्र रहदारीच्या रस्त्यावर तशी दुसरी संधी देईलच असे नाही. म्हणून दैनंदिन वाहनाच्या सुधारणेचे यश ते किती उंच खडक चढले यावर न मोजता, चढून आल्यावर ते दुसऱ्या दिवशी किती निर्धोकपणे रस्त्यावर धावले यावर मोजणे योग्य ठरेल.